तीस हजार एकतीस

फू न्युअनच्या चौकात लाल दिव्याशेजारी आकडे उलटे उतरत होते. सत्याऐंशी, शहाऐंशी, पंच्याऐंशी. खुओंगसर दुचाकीच्या हँडलच्या हुकाला दोन पपनसं अडकवून, पाय टेकून उभे होते आणि जुन्या सवयीनं उतरत्या आकड्यांचे अवयव पाडत होते. सत्याऐंशी म्हणजे तीन गुणिले एकोणतीस. शहाऐंशी म्हणजे दोन गुणिले त्रेचाळीस. त्र्याऐंशी आला तेव्हा मूळ संख्या म्हणून त्याला मान देऊन सोडून दिलं. दातात अडकलेला कण जीभ चाळवत राहते तसं हे चालायचं, त्यात सुख नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं. ऐंशीच्या आसपास त्यांचं लक्ष पुढच्या गाडीकडे गेलं. एक बाई होती, मागे अंड्यांचे सात ट्रे रबरानं बांधलेले, आणि त्या ट्रेंच्या खाली, चिखल उडालेली नंबरप्लेट. खालच्या ओळीत तीनशे, टिंब, एकतीस. खुओंगसरांनी टिंब काढून टाकलं. तीस हजार एकतीस. मग नजर वरच्या ओळीवर गेली, जिथे या शहरातल्या लाखो दुचाक्यांवर असतं तेच होतं: एकोणसाठ. छातीत कुणीतरी हलकेच टिचकी मारावी तसं झालं. वर एकोणसाठ, खाली तीस हजार एकतीस. भागाकार मांडून ठेवलेला, आणि वरून अंडी.

या शहरात दिव्यापाशी उभा असलेला माणूस पुढच्याच्या पाटीवरचे आकडे मिळवतो, हे काही नवीन नाही. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे त्या गाडीचे गुण. नऊ आले तर मालक मान वर करून चालवतो, शून्य आलं तर चेष्टा होते आणि गाडी विकताना भाव पडतो. तीन आणि तीन आणि एक, सात गुण. वाईट नाही, पण पाहुण्यांना दाखवायला न्यावी अशीही नाही. खुओंगसर गणिताचे शिक्षक असल्यामुळे या बेरजांना त्यांचा आयुष्यभर विरोध होता. स्वतःच्या गाडीचे चार गुण त्यांना पाठ होते, ती गोष्ट वेगळी.

थुअनचा फोन आला त्याला आज चार दिवस झाले होते. थुअन हा त्यांचा जुना विद्यार्थी, आणि उयेनचा धाकटा भाऊ. यांतलं पहिलं नातं फोनवर बोलायला सोयीचं होतं. "सर, रविवारी आईचं श्राद्ध आहे. दुपारी जेवायलाच या. ताई आलीय अमेरिकेहून. त्याच संध्याकाळी परत चाललीय. विचारत होती तुमचं."

"काय विचारत होती?"

"तुम्ही आहात का म्हणून."

"आहात का म्हणजे?"

"म्हणजे..." थुअन जरा घुटमळला. "आहात का."

"आहे म्हणावं," खुओंगसर म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर आपण खरं बोललो का, याची खात्री करायला आरशात बघून आले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस तिथे होता. बायकोनं बारा वर्षं संसार करून शेवटी समुद्रकाठच्या गावी बहिणीकडे बस्तान हलवलं, तेव्हा ती जाताना म्हणाली होती, "तुमच्यासोबत राहणं म्हणजे रिकाम्या वर्गात हजेरी घेणं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, निरीक्षण होतं, म्हणून ते अजून टिकून आहे. चार दिवस खुओंगसर एकच वाक्य तयार करत होते. तुझं पत्र मिळालं होतं. एवढंच. पस्तीस वर्षांपूर्वी आलेल्या पत्राची पोच. ती आज दुपारी दिली नाही तर विमान उडणार, आणि या वयात माणसं पुन्हा पुन्हा श्राद्धाला येत नाहीत. पुढचं आपलंही असू शकतं.

ती संख्या त्यांनीच उयेनला दिली होती. तेव्हा शहरात तांदूळ कमी आणि ज्वारीसारखा एक जाडाभरडा दाणा जास्त मिळायचा, कॉफीत भाजलेला मका असायचा, आणि तरीही फडक्यातून गाळणारा तो म्हातारा ती कॉफी अशा गांभीर्यानं ओतायचा की पिणाऱ्याला नाव ठेवायची हिंमत होत नसे. खुओंग शिक्षकांच्या महाविद्यालयात होता, उयेन औषधशास्त्र शिकत होती. तिचे कागद झाले होते, मामानं तिकडून बोलावलं होतं, तारीख तेवढी यायची होती. अशा वेळी मुलं अंगठी देतात, निदान रुमाल देतात. खुओंगनं कॉफीत बोट बुडवून टेबलावर लिहिलं: दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. सगळ्यांचा गुणाकार तीस हजार तीस. त्यात एक मिळव. आता भाग कशानंही, बाकी एक. दोननं एक, तीननं एक, तेरानं एक. "कुणी हिचे तुकडे करू शकत नाही," तो म्हणाला. "मूळ संख्या आहे. ही आपली."

उयेननं टेबलाकडे बघितलं. औषधवाल्यांना वजनकाट्यावर विश्वास ठेवायची सवय नसते, ते तो आधी रिकामा तपासून बघतात. "आणि सतरा?" ती म्हणाली. "एकोणीस? त्यांनी भागून बघितलंस?"

"गरज नाही. सिद्ध झालंय."

"तेरापर्यंत सिद्ध झालंय."

"उयेन, मी गणित शिकतोय."

"हो, ते दिसतंय," ती म्हणाली, आणि टेबलावरची संख्या वाळायच्या आत वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. विमानतळाच्या जाळीपाशी निरोपाच्या दिवशी शंभर माणसं रडत होती, एक बाई कोंबडी कापल्यासारखी ओरडत होती, आणि या दोघांनी जाळीतून बोटं अडकवून शेवटचं जे बोलून घेतलं ते म्हणजे, "तीस हजार?" "एकतीस." जवळ उभ्या असलेल्या एका काकांनी सौदा पटला नाही असं समजून कीव केली. तिच्या बोटांना तेव्हा कसलासा गोडसर कडू वास होता, प्रयोगशाळेतला. नंतर कधी खोकल्याच्या औषधाची बाटली उघडली की खुओंगसर क्षणभर ती तशीच धरून ठेवत. त्यांना खोकला वारंवार होतो असा घरात समज होता.

दिव्यावर एकसष्ट. मूळ. साठ, मग एकोणसाठ. खुओंगसरांना वाटलं, आता कुणीतरी मुद्दाम करतंय.

पत्र यायला सात महिने लागले, आणि आधी ते त्यांच्याकडे आलंच नाही. वॉर्डाच्या कचेरीत बोलावणं आलं. टेबलामागे एक अधिकारी, समोर फोडलेलं पाकीट, आणि एका पानावर उयेनच्या बारीक अक्षरात अकरा भागाकार. सतरानं भागलेलं, बाकी नऊ. एकोणीसनं, बाकी अकरा. तेवीसनं, बाकी सोळा. एकोणतीसनं, पुन्हा सोळा. असं करत करत शेवटी एकोणसाठ. भागाकार पाचशे नऊ, बाकी शून्य. शून्याखाली दोन रेघा आणि तिचं नाव. बाकी एक अक्षर नाही.

"हे काय आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"गणित, साहेब."

"ते मलाही दिसतंय. गणितातून काय सांगितलंय?"

"की तीस हजार एकतीस या संख्येला भाग जातो."

"आणि ते तुम्हाला अमेरिकेहून का कळवावं लागलं?"

"कारण भाग जात नाही, असं मी सांगितलं होतं."

अधिकाऱ्यानं चहा ओतून घेतला, स्वतःपुरता. मग कागद घेऊन आकडे स्वतः तपासले, ओठ हलवत, बोटांवर हातचे धरत. बेरीज करून "सात गुण," असंही पुटपुटला. त्याला एकूण प्रकरणात रस वाटू लागला होता. "म्हणजे तुम्ही त्या मुलीला खोटं सांगितलंत."

"चुकीचं सांगितलं, साहेब."

"शिक्षक होणार तुम्ही! लिहून द्या."

आणि खुओंगनं लिहून दिलं. आत्मपरीक्षणाचा नमुना ठरलेला होता, आधी नाव, मग दोष, मग दोषाचं मूळ, मग सुधारण्याचं वचन. "मी, खाली सही करणारा, तीस हजार एकतीस ही संख्या मूळ असल्याचं पुरेशी तपासणी न करता जाहीर केलं. एकशे त्र्याहत्तरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणं आवश्यक असताना मी तेरावर थांबलो. याचं कारण अहंकार. यापुढे मी घाई करणार नाही." अधिकाऱ्यानं शिक्का मारला आणि पत्र परत दिलं. निरुपद्रवी, असा शेरा मारून. त्या शेऱ्याइतकं अचूक वर्णन खुओंगचं नंतर कुणी केलं नाही.

उत्तर त्यानं पाठवलं नाही. मित्रांना सांगितलं, भीती वाटते, पत्रं फोडतात, नोकरी जाईल. सगळ्यांना पटलं; त्या काळात ते कारण कशालाही चालायचं, केस न कापण्यालासुद्धा. खरं कारण त्या शून्याखालच्या दोन रेघा होत्या. शिक्षक पेपरात चूक सापडल्यावर मारतो तशा. तो रात्री त्या रेघा बघत बसे आणि त्याला ऐकू येई, तुकडे होत नाहीत म्हणाला होतास ना? हे बघ झाले. महासागरापलीकडे बसून मुलगी आपल्याला नापास करते आहे, असं त्याला वाटलं, आणि नापास मुलं करतात तेच त्यानं केलं. वर्गात यायचं सोडलं. पुढे स्वतःच वर्गात उभा राहिला तेव्हा दरवर्षी, मूळ संख्या कधी संपत नाहीत ही युक्लिडची सिद्धता झाली की फळ्यावर ती संख्या लिहून सांगू लागला, "एक मिळवला म्हणजे झालं, असं समजू नका. हे बघा. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ." चौतीस तुकड्यांनी ते उतरवून घेतलं. मुलं त्याला पाठीमागे 'तीस हजार' म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि, सांगायला लाज वाटते, आवडायचं. दिवसातून कुठेतरी कुणीतरी ती संख्या उच्चारत होतं.

आता अंड्यांच्या खाली ती संख्या पुन्हा मांडलेली होती, फळा नसताना, खडू नसताना, आणि शिकवायला समोर कुणी नव्हतं म्हणून खुओंगसरांना पहिल्यांदा ती नुसती दिसली. मूळ संख्या म्हणजे काय? जिला एकनं आणि स्वतःनंच भाग जातो. म्हणजे एकटी. पुराच्या पाण्यात खांबावर बसलेल्या बगळ्यासारखी. बावीस वर्षांच्या पोरानं कॉफीत बोट बुडवून प्रेमाची खूण म्हणून मुलीला काय दिलं, तर एकटेपणाची व्याख्या. आणि ती पोरगी, थुअन पुढे सांगायचा तसं, तिकडे पोटासाठी लोकांची नखं रंगवत, अॅसिटोनच्या वासात, बसच्या खिडकीशी वही गुडघ्यावर धरून, सतरापासून एकेक दार ठोठावत गेली. अकरा दारं. तिला कुणी परीक्षा घातली नव्हती. अकराव्या दाराशी तिला दोघं सापडली, एकोणसाठ आणि पाचशे नऊ. तेच पाच, तेच नऊ. एकाच्या पोटात नुसतं एक शून्य, समुद्राएवढं. दोन्ही मूळ. आणि त्यांच्याशिवाय तिसरं कुणी नाही. जगातली दुसरी कुठलीही जोडी घेतली तरी ती संख्या तयार होत नाही. हे तर त्यांनी स्वतः चौतीस वर्षं शिकवलं होतं! अवयव एकाच प्रकारे पडतात, पोरांनो, एकाच प्रकारे. तिनं रेघा मारल्या होत्या त्या चुकीखाली नव्हत्या. सापडलं, म्हणून मारल्या होत्या. पत्रात दुसरं अक्षर नव्हतं, कारण पत्रं फोडतात हे तिलाही ठाऊक होतं.

"ओ काका! झोपायचं तर घरी जाऊन झोपा! इथं गाद्या नाहीत!"

दिवा हिरवा झाला होता, मागून भोंग्यांची लाट येत होती, आणि अंडेवाली चौकाच्या मध्यावर पोचली होती. थुअनचं घर डावीकडे होतं. खुओंगसरांनी गाडी सरळ घातली. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत होतं, पण ती पाटी नजरेआड झाली तर आत्ताच कळलेलं सगळं पुन्हा नाहीसं होईल अशी काहीतरी अडाणी भीती त्यांना वाटली. बेरीज करून गाडीला गुण देणाऱ्या लोकांपेक्षा आपण वेगळे नाही, हेही त्याच दमात समजलं. कालव्यावरच्या पुलापाशी ती दुसऱ्या दिव्याला थांबली. हे शेजारी जाऊन उभे राहिले. बाई पन्नाशीची, तोंडावर फुलाफुलांचा मास्क.

"ताई, तुमचा नंबर..."

"काय?" तिनं मास्क खाली ओढला. "नंबर? वय बघा की काका! हातात पपनसं घेऊन नंबर मागता?"

"गाडीचा. गाडीचा म्हणतोय मी. फार चांगला आहे."

"सात तर गुण आहेत," ती जरा नरमली. "नवरा म्हणतो, बदलून घे. मी म्हटलं, अंडी फुटली नाहीत ना सहा वर्षांत? मग."

"बदलू नका," खुओंगसर म्हणाले. आवाज इतका कापरा आला की बाईनं ट्रेमधून दोन अंडी काढून त्यांच्या पपनसांच्या पिशवीत टाकली आणि सांगितलं, "काही खाऊन घ्या. उन्हाचं होतं असं."

ते पोचले तेव्हा जेवणं उरकली होती. आईच्या तसबिरीपुढची उदबत्ती विझून राखेची वाकडी काडी उरली होती, पाहुणे दात कोरत निरोप घेत होते, आणि ओसरीत दोन भल्या मोठ्या बॅगा कुलूप लावून उभ्या होत्या. पपनसं तसबिरीपुढे ठेवली. अंडी कुठे ठेवावीत हे कळेना म्हणून डाव्या हातातच राहिली.

"या, सर, या," थुअन म्हणाला. "ताई, सर आले. अंडी घेऊन आलेत."

उयेन आतून आली. केस रंगवलेले, चष्मा दोरीनं गळ्यात, बोटांची टोकं रसायनांनी पांढुरकी पडलेली. तिनं त्यांच्याकडे बघितलं, अंड्यांकडे बघितलं. "बसा," ती म्हणाली. "किती वाट बघायला लावता माणसाला! गार झालं सगळं." खुओंगसर बसले. ताटात आलं ते गिळत राहिले. तिच्या नातवंडांची नावं ऐकली, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च ऐकला, कॅलिफोर्नियात आता तीही कॉफी मिळते, मका न घालता, हेही ऐकलं. थुअन टॅक्सीवाल्याशी फोनवर भांडत होता. घशाशी आलेलं वाक्य त्यांनी डोळे मिटून बाहेर ढकललं.

"तुझं पत्र मिळालं होतं."

"कुठलं पत्र?"

"आकड्यांचं. तीस हजार एकतीस."

उयेननं भुवया आखडल्या. "काय की हो. इतक्या वर्षांचं कुठलं लक्षात राहायला? मी तेव्हा काहीही करायची."

चार दिवस घासूनपुसून ठेवलेलं वाक्य, पस्तीस वर्षांची पोच, टेबलावर पडली आणि तिला घ्यायला कुणी आलं नाही. खुओंगसरांनी मान हलवली. हे ठीकच होतं. माणूस अकरा भागाकार करतो आणि विसरून जातो. ते जपून ठेवायचं काम ज्याच्या नावे आलं त्याचं. बाहेर थुअन ओरडला, "पाच मिनिटांत येतोय म्हणतो, ताई!"

"आलेच," ती म्हणाली. उठली नाही. टेबलावर पाहुण्यांची यादी केलेला कागद पडला होता, तो तिनं उलटा केला, चष्मा नाकावर चढवला आणि शेजारी पडलेलं पेन उचललं. "तीस हजार एकतीस म्हणालात ना? मूळ आहे का ती?"

खुओंगसरांनी आयुष्यभर या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ दिलं होतं. "करून बघ," ते म्हणाले.

तिनं संख्या लिहिली आणि भागायला घेतलं. सतरानं.

दोननं नाही, तीननं नाही. ज्याला काही आठवत नाही तो दोनपासून सुरुवात करतो, सगळं जग करतं. तेरापर्यंतचं काम आधीच झालेलं आहे, कॉफीत बोट बुडवून झालेलं आहे, हे त्यांनी तिला आज सांगितलेलं नव्हतं. खुओंगसर हातातल्या अंड्यांना जपत एकदम ताठ बसले.

"बाकी नऊ," उयेन म्हणाली. वर न बघता. "एकोणीस. बाकी अकरा."

"ताई! गाडी आली!"

"थांबव त्याला. तेवीस... बाकी सोळा. एकोणतीस..." पेन क्षणभर थांबलं. "परत सोळाच?"

"परत सोळाच."

बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला, एकदा, मग लांबलचक. थुअन एक बॅग ओढत पायऱ्या उतरला, तिच्या चाकांचा खडखडाट गल्लीभर गेला. उयेननं एकतीस लिहिलं. तिची हातचा धरायची जुनी खोड तशीच होती, करंगळी दुमडून.

"अजून पुष्कळ आहेत का रे?" तिनं विचारलं.

सहा होते. सदतीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न, आणि मग ते. खुओंगसरांनी पुरेशी तपासणी केलेली होती.

"पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "घाई करू नकोस."